इशारा आणि शांतता : संगणकीय यंत्रणांच्या देखरेखीविषयी

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन येथील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे देणारा प्रोग्रॅम अडकून पडला. पडदे चालू होते, आकडे दिसत होते. फक्त नवे इशारे येणे थांबले होते. २.४१ वाजता तो प्रोग्रॅम चालवणारा मुख्य सर्व्हर बंद पडला आणि काम राखीव सर्व्हरकडे गेले. पण अडकलेला प्रोग्रॅमही जसाच्या तसा तिकडे गेला आणि २.५४ वाजता राखीव सर्व्हरही कोसळला. सर्व्हर पडल्याचा संदेश आयटी विभागाला आपोआप मिळाला होता. तिथल्या लोकांनी तीन वाजून गेल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो सुरू झाल्याची खात्री केली आणि काम झाले असे मानले. इशारे पुन्हा येऊ लागले का, हे कोणी तपासले नाही आणि वीजप्रवाह सांभाळणाऱ्यांना कोणी काही सांगितलेही नाही. त्या दीड तासात कंपनीच्या ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून एकीमागून एक बंद पडल्या. शेजारच्या कंपन्या फोनवर जे सांगत होत्या ते समोरच्या पडद्याशी जुळत नव्हते, आणि बराच वेळ भरवसा ठेवला गेला तो पडद्यावर. चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास अमेरिकेच्या ईशान्य भागातले आणि कॅनडातल्या ओंटारिओतले मिळून सुमारे पाच कोटी लोक विजेविना राहिले.

ही घटना वीजक्षेत्रातली आहे, तरी आज बँक, इस्पितळ, शेअर बाजार किंवा महापालिका यांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती तपशिलासकट वाचावी. देखरेखीच्या सॉफ्टवेअरकडून आपण नेमके काय मागतो, हे तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही उत्पादनाच्या माहितीपत्रकातून होत नाही. आपण दोन गोष्टी मागतो. इशारा आला तर खरोखर काहीतरी घडले असावे आणि त्यासाठी माणसाने उठणे गरजेचे असावे, ही पहिली. इशारा आला नाही तर काही घडलेले नाही असे निर्धास्तपणे मानता यावे, ही दुसरी. पहिली मागणी सगळ्यांना आठवते. दुसरी गृहीत धरली जाते, आणि ओहायोत ढासळली ती दुसरीच. गेल्या दहाबारा वर्षांत देखरेखीच्या साधनांत आलेल्या नव्या सोयी याच दोन कसोट्यांवर घासून पाहाव्यात, असे माझे म्हणणे आहे. किती अधिक दिसते, किती रंगीत दिसते, किती सेकंदांत दिसते हे प्रश्न त्यानंतरचे.

या साधनांचा इतिहास मुख्यतः नजर लांबवण्याचा आहे. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस यांनी लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्रॅम समोरचे यंत्र उत्तर देते की नाही, एवढेच सांगत असे. १९८८ मध्ये एसएनएमपी आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटर-स्विचना एकाच भाषेत प्रश्न विचारता येऊ लागले. नव्वदीच्या मध्यावर तोबियास ओएटिकर यांनी लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातल्या ६४ किलोबिटच्या जोडणीवरची गर्दी मोजण्यासाठी एमआरटीजी लिहिले. पुढे जगभरच्या इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या भिंतींवर त्याचे हिरवे-निळे आलेख दिसू लागले. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांचे नेटसेंट आले, त्याचेच पुढे नॅगिऑस झाले. लाटवियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांचे झॅबिक्स २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत प्रोमेथियसची सुरुवात झाली, कारण आज जन्मून उद्या नाहीशा होणाऱ्या कंटेनरांना जुनी साधने ओळखू शकत नव्हती; त्यांत प्रत्येक यंत्राचे नाव हाताने नोंदवावे लागे. आता मोजमाप गोळा करणे ही अडचण जवळजवळ उरलेली नाही. सर्वसाधारण लिनक्स सर्व्हरवर एक एजंट बसवला की काही मिनिटांत शेकडो आकडे वाहू लागतात. अडचण त्या आकड्यांपुढे बसलेल्या माणसाची आहे. त्याचे लक्ष वाढवता येत नाही.

इशारे जास्त झाले की काय होते, याचा दाखलाही संगणकापलीकडचा आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ इशारे आले होते, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यातला एकेक इशारा सुटा पाहिला तर खरा असेलही. सगळे मिळून निरुपयोगी होते. डेटा सेंटरमध्ये हेच रोज लहान प्रमाणावर घडते. मुख्य स्विच बंद पडतो आणि त्यामागचे चाळीस सर्व्हर, त्यांच्यावरचे डेटाबेस, त्यांच्यावर विसंबलेली ॲप्लिकेशने असे सगळे एकदम ओरडू लागतात. रात्रपाळीच्या अभियंत्याच्या मोबाइलवर दीडशे संदेश येतात आणि मूळ स्विचचा संदेश त्यांत तळाशी असतो. असे चार महिने गेले की तो संदेश वाचायचा सोडून देतो, आणि तो दोष त्याचा नसतो. म्हणूनच नव्या सोयींत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या इशारे कमी करणाऱ्या. प्रोमेथियसचा अलर्टमॅनेजर एका जातीचे इशारे एका संदेशात बांधतो आणि मोठा बिघाड जाहीर झाला की त्याच्यामुळे उद्भवलेल्या लहान इशाऱ्यांना आवर घालतो. झॅबिक्सच्या २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीत एखाद्या समस्येला ‘कारण’ आणि बाकीच्यांना तिची ‘लक्षणे’ म्हणून जोडता येऊ लागले. त्याच वर्षी प्रोमेथियसमध्ये एक बारकीशी सोय आली: स्थिती क्षणभर सुधारली तरी ठरावीक काळ इशारा चालूच ठेवायचा. डिस्क ९० टक्क्यांच्या सीमारेषेवर खालीवर होत राहिली की पूर्वी दर मिनिटाला ‘बिघडले’, ‘सुधारले’, ‘बिघडले’ अशी मालिका सुरू व्हायची. चेतवण्याची मर्यादा एक आणि शमवण्याची दुसरी ठेवण्याची मुभा झॅबिक्समध्ये २०१६ पासून आहे. जाहिरातीत अशा सोयींना जागा मिळत नाही. पण माणसाची झोप आणि संदेशाची पत या दोन्ही गोष्टी त्याच राखतात.

इशारा कशावर द्यायचा, हा याच्या आधीचा प्रश्न. जुनी सवय यंत्राची नाडी पाहण्याची: प्रोसेसर किती व्यस्त, मेमरी किती उरली. पण प्रोसेसर ९५ टक्के व्यस्त असूनही ग्राहकाला काहीच त्रास नसू शकतो, आणि सगळे आकडे नेमस्त असूनही पैसे भरण्याचे पान उघडत नसू शकते. सरासरीही अशीच फसवते. शंभर विनंत्यांपैकी ९९ पन्नास मिलिसेकंदांत आणि एक दहा सेकंदांत पुरी झाली, तर सरासरी दीडशे मिलिसेकंदांच्या आत राहते आणि आलेख साजरा दिसतो. आता एक पान उभे करायला मागे अशा शंभर विनंत्या लागत असतील, तर त्यातली निदान एक तरी संथ निघण्याची शक्यता ६३ टक्के होते. म्हणजे आलेखात न दिसणारा एक टक्का निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला येतो. वेळेचे वाटप सविस्तर आणि तरीही स्वस्तात साठवणारे प्रोमेथियसचे नवे हिस्टोग्रॅम, जे २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक रूपात आले, त्यांचे महत्त्व यात आहे. गूगलच्या अभियंत्यांनी रूढ केलेली ‘त्रुटींच्या अंदाजपत्रका’ची कल्पनाही याच वाटेने जाते. सेवा ९९.९ टक्के वेळ नीट चालेल असे वचन दिले, तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांची चूक माफ असते. मग इशारा अमुक आकडा ओलांडला म्हणून द्यायचा नाही. ती शिल्लक ज्या वेगाने संपते आहे, त्या वेगावरून द्यायचा. तासाभरात महिन्याच्या शिलकीतले दोन टक्के उडाले तर माणसाला लगेच उठवा; हळूहळू झिजत असेल तर सकाळी कामाच्या यादीत टाका. कोणत्या कारणासाठी कोणाला झोपेतून उठवायचे, हे ठरवण्याची इतकी सरळ रीत या क्षेत्रात यापूर्वी नव्हती.

झॅबिक्सच्या जून २०२४ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीतली ब्राउझर-तपासणी मी याच रांगेत बसवतो. त्यात सॉफ्टवेअर खराखुरा ब्राउझर उघडते, लॉगिन करते, बटण दाबते, पुढचे पान आले का ते पाहते आणि हवे तर पडद्याचे चित्र जपून ठेवते. सुटे भाग हिरवे दिसले म्हणजे सेवा चालू, हे अनुमान किती कच्चे असते याचा अनुभव मुंबईने घेतला आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. बाजाराने दिलेल्या माहितीनुसार, पर्यायी मार्ग असावा म्हणून दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या घेतलेल्या होत्या. बिघाड दोन्हींत झाला आणि त्यामुळे जोखीम सांभाळणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. ज्याची गणना ‘दोन’ अशी होते ते आणीबाणीत खरोखर दोन ठरते का, हे भागांच्या तक्त्यावरून समजत नाही. त्यासाठी सेवा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहावी लागते, आणि तेही रोज.

आता दुसऱ्या कसोटीकडे, शांततेकडे वळतो. या विषयावरच्या लेखनात तिला क्वचितच पुरेशी जागा मिळते. गावचा जागल्या रात्री ठरावीक वेळाने हाळी देई. चोर आल्याची ती खूण नसे. मी जागा आहे, एवढेच ती सांगे, आणि ती न ऐकू आल्यावर लोकांनी उठायचे असे. प्रोमेथियसच्या प्रचलित मांडणीत ‘वॉचडॉग’ नावाचा एक इशारा असाच सतत चालू ठेवलेला असतो. तो बाहेरच्या एखाद्या स्वतंत्र सेवेकडे जात राहतो आणि जायचा थांबला की ती सेवा माणसाला फोन करते. ॲक्रनच्या कक्षात एवढी एक व्यवस्था असती, तर सव्वादोननंतर काही मिनिटांतच कळले असते की पडदा मुका झाला आहे. ‘माहितीच आली नाही’ ही स्वतंत्र स्थिती मानणारी साधने आज मिळतात, पण अनेक ठिकाणी त्यांची ती सोय वापरलीच जात नाही. रिकामा आलेख आणि सपाट आलेख यांत फरक केला जात नाही. त्यातही एक गुंता आहे. शाखेतल्या सर्व्हरची माहिती मधल्या प्रॉक्सीमार्फत येत असेल आणि प्रॉक्सीच तुटला, तर शाखेतले शंभर सर्व्हर ‘गप्प’ दिसतील आणि शंभर खोटे इशारे निघतील. झॅबिक्सने २०२० च्या ५.० आवृत्तीत हा हिशेब सुधारला आणि प्रॉक्सीच्या अनुपस्थितीची दखल घेऊन मग निवाडा करायला सुरुवात केली. ६.० मध्ये मुख्य सर्व्हरला अंगभूत जोडीदार मिळाला. ७.० मध्ये प्रॉक्सींचे गट आले: गटातला एक पडला की त्याच्याकडची यंत्रे उरलेल्यांत वाटली जातात. पाहणारा स्वतः पडू शकतो, हे मान्य करून केलेली ही रचना आहे.

देखरेख ज्याच्यावर नजर ठेवते त्याच्यावरच उभी असेल, तर असले जोडीदारही कामाला येत नाहीत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या एस-थ्री या साठवण सेवेत एका आज्ञेतल्या टंकनाच्या चुकीने ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढून घेतले गेले. सेवांची स्थिती दाखवणारे कंपनीचे पानही एस-थ्रीवरच विसंबून असल्यामुळे काही काळ ते बदलताच येईना, आणि ग्राहकांना ट्विटरवरून कळवावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले तेव्हा सुमारे सहा तास सेवा बंद राहिली. बिघाड शोधण्याची कंपनीची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर आणि नावावरून पत्ता शोधणाऱ्या त्याच डीएनएस व्यवस्थेवर चालत होती, त्यामुळे अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले. असे प्रसंग मोठ्या कंपन्यांत घडतात तेव्हा त्यांचे अहवाल निघतात. लहान कार्यालयात ‘मेल सर्व्हर बंद’ हा इशारा त्याच मेल सर्व्हरवरून पाठवायची योजना असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे सगळे माणसाने बसून नियम लिहिण्याच्या काळातले विचार आहेत. आता यंत्र स्वतः शिकते, नेहमीचे काय आणि वेगळे काय ते ओळखते. आक्षेपात तथ्य आहे. सोमवारी सकाळची गर्दी आणि रविवारच्या पहाटेची सामसूम यांना एकच मर्यादा लावणे चुकीचेच, आणि मागच्या आठवड्यांशी तुलना करून पायारेषा ठरवणारी झॅबिक्स ६.० मधली गणिते त्यासाठी खरोखर उपयोगी आहेत. पण ‘वेगळे’ आणि ‘वाईट’ यांतले अंतर गणिताला दिसत नाही. शिवाय एक साधा हिशेब करून पाहावा. एक हजार सर्व्हर, प्रत्येकाचे पन्नास आकडे, दर मिनिटाला एक तपासणी: दिवसाला सात कोटी वीस लाख निवाडे होतात. दहा हजारांत एकदाच चुकणारे, म्हणजे ९९.९९ टक्के अचूक यंत्रही दिवसाला सात हजार दोनशे खोटे इशारे देईल. मिलफर्ड हेवनचा पूर पुन्हा येईल, या वेळी शिकलेल्या यंत्राच्या हातून. म्हणून अशी ओळख प्रत्येक आकड्यावर न लावता ग्राहकाला जाणवणाऱ्या मोजक्या खुणांवर लावावी, आणि बाकीच्या ठिकाणी तिचा निष्कर्ष बिघाड शोधताना बाजूला दिसावा. त्याने कोणाला उठवू नये. भाषिक मॉडेले शेकडो इशाऱ्यांचा सारांश चार ओळींत देऊ लागली आहेत, त्याचेही मी स्वागत करतो. अट एकच: प्रत्येक विधानाखाली ते कोणत्या नोंदीवरून केले ती नोंद उघडता आली पाहिजे. ओहायोत लोकांनी पडद्यावर जसा विश्वास ठेवला, तसा तो सफाईदार परिच्छेदावर ठेवला तर परिणामही तसाच होईल.

दुसरा आक्षेप साठवणुकीचा आहे. डिस्क स्वस्त झाली, मग सगळेच गोळा करावे. पुढे काय लागेल कोणाला ठाऊक? ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस यांच्या विलीनीकरणातून २०१९ मध्ये आलेल्या ओपनटेलिमेट्रीने आकडे, लॉग आणि विनंतीचा मार्ग दाखवणारे ट्रेस यांना एक सामाईक साचा दिला. ईबीपीएफमुळे तर प्रोग्रॅमला हात न लावता लिनक्सच्या गाभ्यातून निरीक्षण करता येते. दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत, आणि एकाच कंपनीच्या साधनाला जन्मभर बांधून घेण्यातून सुटका हा पहिलीचा विशेष लाभ. कायद्यानेही काही साठवावेच लागते: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे भारतातल्या संस्थांना बंधनकारक आहे. तरीही साठवणे वेगळे आणि विचारत राहणे वेगळे. विचारण्याचाही भार असतो. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळले, तेव्हा बँकांकडून व्यवहाराची स्थिती पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या विनंत्यांचा लोंढा हे कारण पुढे आले. व्यवहार अडकला की विचारपूस वाढते, आणि विचारपूस वाढली की व्यवहार आणखी अडकतात. दर सेकंदाला प्रत्येक डेटाबेसची विचारपूस करणारी देखरेख संकटाच्या क्षणी हेच करू शकते. म्हणून अंतर किती ठेवावे, उत्तर आले नाही तर पुन्हा केव्हा विचारावे आणि कधी थांबावे, हे ठरवणाऱ्या सोयी तपासून घ्याव्यात.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण त्यावर मतभेदाला फारशी जागा नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले की सोलरविंड्सच्या ओरायन या देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत तो पोहोचला असावा. सगळीकडे पोहोचणारे, सगळ्यांचे पासवर्ड बाळगणारे सॉफ्टवेअर चोराला आयतेच सापडते. लॉगिनला दुहेरी पडताळणी, एजंटाला किमान अधिकार, संवादाला कूटबद्धता या नव्या आवृत्त्यांतल्या सोयी चालू आहेत की नुसत्या उपलब्ध आहेत, एवढे प्रत्येकाने पाहावे.

राहिला लहान संस्थांचा प्रश्न. तालुक्याची सहकारी बँक, नगरपालिका किंवा शंभर खाटांचे इस्पितळ यांच्याकडे आयटीचा एकच माणूस असतो, तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. त्याला त्रुटींचे अंदाजपत्रक आणि प्रॉक्सींचे गट कशाला हवेत, असे विचारले जाते. मला वाटते गरज त्यालाच सर्वांत जास्त आहे. मोठ्या कंपनीत एकाच्या नजरेतून सुटलेला इशारा दुसरा उचलतो; इथे दुसरा नसतो. त्याच्यापुढे एका दिवसात पाचच इशारे आले पाहिजेत आणि ते पाचही खरे असले पाहिजेत. झॅबिक्स आणि प्रोमेथियस दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यामुळे परवान्याचा खर्च आड येत नाही. आड येतो तो वेळ. तो वेळ तयार साच्यांतून शेकडो तपासण्या चालू करण्यात घालवू नये, असा माझा आग्रह आहे. आधी तीनच गोष्टी कराव्यात. संस्थेबाहेरच्या एखाद्या यंत्रावरून दर पाच मिनिटांनी ग्राहकासारखे लॉगिन करून पाहणारी एक तपासणी बसवावी. काल रात्रीचा बॅकअप निघाला एवढेच न पाहता तो उघडून वाचता आला का, हे कळवणारी दुसरी बसवावी. आणि देखरेख जिवंत असल्याचा संदेश कार्यालयातल्या इंटरनेट जोडणीवर न विसंबता, स्वतंत्र मोबाइल जोडणीवरून बाहेर पाठवणारी तिसरी. या तीन महिनाभर नीट चालल्या, त्यांनी खोटे उठवले नाही आणि मुद्दाम सर्व्हर बंद करून पाहिल्यावर खरे उठवले, की मग चौथी जोडावी.